सहा सेकंदांचं मौन

सकाळी सात ते आठ मी बोलत नाही. अकरा वर्षं झाली. यात मोठेपणा सांगण्यासारखं काही नाही, कारण मी बोलत नाही हे घरात पहिले चार महिने कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पाचव्या महिन्यात ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "घसा बसलाय का तुझा?" मी आठ वाजेपर्यंत थांबले आणि मग खुलासा केला. ते "बरं बरं" म्हणाले आणि परत पेपरात शिरले.

मौनाखेरीज आणखी दोनतीन नेम आहेत. रोज वहीची दोन पानं देवाचं नाव लिहायचं. खोटं बोलायचं नाही, आणि आपल्यासमोर कुणी खोटं लिहीत असेल तर ते तसंच पुढे जाऊ द्यायचं नाही. हा शेवटचा नेम घेतला तेव्हा विमा कंपनी कशी असते, याची मला कल्पना नव्हती.

गाडी चालवायला मी बावन्नाव्या वर्षी शिकले. हौस म्हणून नव्हे. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आठवड्यातून तीनदा त्यांना फिजिओथेरपीला न्यायचं ठरलं. वेळ मिळाली पावणेआठची. पावणेआठला ह्यांच्या एका गालाची दाढी झालेली असते आणि दुसऱ्याची व्हायची असते, त्यामुळे त्यांचा प्रश्न नव्हता. मी शिकले. लायसन्स हातात पडलं त्याच संध्याकाळी ह्यांनी गाडीच्या पुढच्या काचेला एक कॅमेरा चिकटवला. "तुझ्यावर विश्वास नाही असं नाही," ते म्हणाले, "पण पुरावा असलेला बरा." कशाचा पुरावा, ते नाही सांगितलं.

तरी त्या गाडीनं मला खूप दिलं. माझ्या आयुष्यात माझ्या ताब्यात आलेली ती पहिली किल्ली, जी कुठल्या कपाटाची नव्हती. सासूबाई आत व्यायाम करत, मी बाहेर गाडीत बसून असे. मौन घरातही असतं, पण घरातल्या मौनाला एक डोळा दुधावर ठेवावा लागतो. गाडीतलं मौन निखळ. त्यासाठी मी आठवड्याच्या त्या तीन दिवसांची वाट पाहायची, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वाचणारे तेवढं मनात ठेवतीलच.

तर त्या दिवशी सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी मी दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली होती. सासूबाई मागच्या सीटवर काठी शोधत होत्या. आमच्या पुढे एक पांढरी गाडी होती. तिचे मागचे दिवे लागले आणि ती सावकाश मागे यायला लागली. सावकाश म्हणजे किती, तर माणूस दुपारी झोपेतून उठून जसा पाण्याच्या माठाकडे जातो तशी. माझ्या मागे सामानाचा टेंपो. मला मागे जागा नाही, पुढे जागा कमी होत चाललेली.

कुणीही म्हणेल, हॉर्न द्यायचा. माझा हात हॉर्नवर गेलाही होता. पण मनात आलं, हॉर्न म्हणजे बोलणंच की. 'बाजूला व्हा' हे तोंडानं म्हटलं काय आणि गाडीनं म्हटलं काय. ज्यांनी मला हा नेम दिला ते गृहस्थ आता हयात नाहीत, आणि होते तेव्हा त्यांच्याकडे साधी सायकलही नव्हती, त्यामुळे हॉर्नविषयी त्यांनी काही सांगून ठेवलेलं नाही. हा विचार पुरा होईतो धाडकन आवाज झाला. एक दिवा फुटला, बंपर निखळला आणि बॉनेट मधोमध वर आलं.

पांढऱ्या गाडीतून दातांचे डॉक्टर उतरले. त्यांचा दवाखाना त्याच इमारतीत, फिजिओच्या वरच्या मजल्यावर. माणूस सभ्य. खिडकीशी येऊन वाकून म्हणाले, "ताई, तुमचीच गाडी जरा पुढे आली ना?"

आठ वाजायला अठरा मिनिटं होती. मी 'थांबा, आठ वाजता बोलते' अशा अर्थानं मान हलवली आणि आठ बोटं दाखवली.

"आठ? हो हो, आठला माझा पहिला पेशंट आहे. बरं झालं आठवण केलीत," म्हणाले आणि गेले.

नंतर मी विचार केला, त्यांचा दोष नाही. त्यांच्यासमोर दिवसभर माणसं तोंड उघडं ठेवून पडलेली असतात. ते विचारतात आणि माणसं मान हलवतात. बोलून उत्तर देणारा माणूस त्यांना भेटतच नसेल. त्यांनी त्याच दुपारी विमा कंपनीला लिहून दिलं : 'मागील गाडीतील बाईंनी जागेवरच आपली चूक मान्य केली.'

संध्याकाळी ह्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेटवर हात फिरवला आणि तोच हात माझ्यापुढे केला. मी किल्ली दिली. "राग नको मानूस," ते म्हणाले, "तुझी चूक नव्हती असं कंपनीनं लेखी दिलं, की लगेच परत. तोवर माझ्याकडे राहू दे." किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात गेली. खणाला कुलूप आहे. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंना टॅक्सीनं न्यायला लागले. टॅक्सीवाला बाहेर थांबत नाही, म्हणून मी आत बाकावर बसायची. तिथे टीव्ही लावलेला असतो.

"पण आपल्याकडे कॅमेरा आहे ना," मी ह्यांना म्हटलं.

कॅमेऱ्यातलं चित्रण आम्ही घरच्या संगणकावर पाहिलं. संगणकाचे स्पीकर कधीचे बंद आहेत, त्यामुळे मुकंच पाहिलं. स्वच्छ दिसत होतं, आमची गाडी जागची हललेली नाही आणि पांढरी गाडी येऊन आदळते. मला इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी मी वहीची तीन पानं भरली. फक्त कोपऱ्यातली तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती. ह्यांनी कॅमेरा बसवला, पण तारीख लावायची राहून गेली. गाडी आम्ही घेतली चार वर्षांपूर्वी. म्हणजे पुराव्याप्रमाणे हा अपघात आमच्या गाडीच्या जन्माआधी पाच वर्षं झालेला होता.

मग सल्ले सुरू झाले. तळमजल्यावर मुद्देसूदकाका राहतात. कोर्टात कारकून होते, आता निवृत्त. ते बोटं दुमडत बोलतात, एका बोटाला एक मुद्दा. "मुद्दा पहिला," ते म्हणाले, "कंपनीपुढे एक अक्षर बोलू नका. जे बोलाल ते तुमच्यावर उलटेल."

"काका, मी बोललेच नव्हते. तेच उलटलंय."

काकांनी ते बोट परत सरळ केलं. "मग मुद्दा दुसरा घ्या," म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींना मुद्द्यांत रस नाही. त्या आल्या, आमच्या संगणकाच्या पडद्याचंच स्वतःच्या फोनवर चित्रण केलं आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकलं. आवाज होता तो वहिनींचा : "बघा हं, आता आदळणार, आता आदळणार." वीस मिनिटांत तेवीस मतं आली. पहिल्या तिघांनी डॉक्टरांना दोष दिला. चौथ्यानं विचारलं, 'ताईंनी हॉर्न का नाही दिला?' त्यानंतर डॉक्टर सुटले. कुणीतरी घड्याळ लावून मोजलं : गाडी हलल्यापासून आदळेपर्यंत सहा सेकंद. सहा सेकंदांत काय काय करता येतं याची ग्रुपवर यादी झाली. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघून हळूच एक-दोन-तीन मोजताहेत असं मला वाटायचं. कदाचित ते मजले मोजत असतील.

विमा कंपनीच्या कचेरीत आमचं प्रकरण ज्यांच्याकडे होतं, त्या साहेबांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली कुठलंसं जुनं वेळापत्रक. मी दाव्याच्या अर्जात सगळं खरं लिहिलं होतं. 'अपघाताआधी, अपघाताच्या वेळी व नंतर मी एक शब्दही बोलले नाही', असंही. साहेबांनी चष्मा वर केला. "हॉर्न का वाजवला नाही?"

"मौन होतं," मी म्हटलं.

"कशाला?"

"मलाच. सात ते आठ असतं."

त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं : 'हॉर्न ठरावीक वेळी बंद पडतो.' मी म्हटलं, साहेब, हे खोटं आहे, खोडा. ते म्हणाले, खोडता येतं, पण हॉर्न चालू असल्याचा गॅरेजचा दाखला आणा. गाडी ह्यांनी दुरुस्तीला गॅरेजमध्ये टाकलेलीच होती, तिथे मी दाखला आणायला गेले. गॅरेजवाला काळजीपूर्वक काम करणारा. त्यानं हॉर्न थंड असताना वाजवला, गरम झाल्यावर वाजवला, बॉनेट उघडून वाजवला, मिटून वाजवला. समोरच्या शाळेतून दोनदा शिपाई आला. दाखल्यावर त्यानं लिहिलं : 'हॉर्न उत्तम. लहान गाडीच्या मानाने मोठा.' तो घेऊन मी परत साहेबांकडे. त्यांनी वाचला, शिक्का मारला आणि विचारलं, "इतका चांगला हॉर्न आहे, मग वाजवला का नाही?"

मी खुर्चीच्या पाठीला टेकले. काही दिवस असे असतात की देवाचं नावसुद्धा घोटभर पाणी प्यायल्यावरच घेता येतं.

पुढे चित्रणाची सीडी हवी झाली. पेनड्राइव्ह त्यांच्याकडे चालत नाही. सीडी करून देणारा माणूस आमच्या भागात एकच, फोटो स्टुडिओवाला. त्यानं मनापासून केली. साहेबांनी ती लावली तेव्हा पडद्यावर आधी दोन हंस पोहत आले, मग सोनेरी अक्षरांत 'सुंदर क्षण' असं उमटलं, आणि सनईच्या सुरावर पांढरी गाडी मागे यायला लागली. आदळली त्या क्षणी चौकटीत गुलाबाच्या पाकळ्या पडल्या.

"यात फेरफार झालेला आहे," साहेब म्हणाले.

नाही म्हणायची सोय नव्हती. मग त्यांनी मूळ मेमरी कार्ड मागवलं आणि दोन्ही पक्षांना समोरासमोर बोलावलं. दातांचे डॉक्टर आले. आमच्या बाजूनं मी, हे, आणि साक्षीदार म्हणून सासूबाई. सासूबाई त्या दिवशी सकाळपासून गप्पगप्प होत्या. निघताना म्हणाल्या, "कार्ड न्यायलाच हवं का? हरवलं म्हणून सांग की." मी म्हटलं, सासूबाई, खोटं कसं सांगू? काठी आपटून त्या दाराकडे वळल्या.

कार्डातली चित्रणं तारखेवारी, आणि तारखा सगळ्या नऊ वर्षांपूर्वीच्या. आमचं कुठलं, कळेना. साहेब एकेक उघडत गेले. एक उघडलं त्यात नुसती भिंत होती. आमच्याच पार्किंगची, पाण्याच्या पाइपाखाली शेवाळ आलेली. भिंत हलेना. गाडी बंद, आवाज काही नाही, मधूनच शेंगदाण्याचं टरफल फुटल्यासारखं टिचकन. साहेबांनी पुढे ढकललं. भिंतच. एकवीस मिनिटं भिंत. मग सुस्कारा आला, दार उघडल्याचा आवाज आला आणि ह्यांचा आवाज, स्वतःशीच : "चला. जायला हवं वर."

दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ उघडली, तर तीच भिंत. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते काचेखालचं वेळापत्रक वाचत होते. रोज ऑफिसहून गाडी घेऊन येतात आणि मला सांगतात, मीटिंग लांबली. मी काही बोलले नाही. सकाळचे नव्हे, दुपारचे बारा वाजले होते, तरी नाही बोलले.

शेवटी आमचं चित्रण सापडलं. साहेबांच्या संगणकाचे स्पीकर उत्तम होते.

पांढरी गाडी मागे येऊ लागली. सासूबाईंचा आवाज आला : "अगं, हॉर्न दे. हॉर्न दे की गं. अगं बाई, हॉर्न." मग दोन सेकंद शांतता. आणि मग एक आवाज, इतका दणदणीत की साहेबांच्या टेबलावरची टाचणी हलली :

"अरे गाढवा, मागे बघ की, आंधळा झालास काय!"

आणि धाडकन.

मला आधी वाटलं, टेंपोवाला. साहेबांनी ते पुन्हा लावलं, मग नीट ऐकायला म्हणून सावकाश लावलं. सावकाश लावल्यावर तो आवाज एखाद्या राक्षसाला घेरी यावी तसा आला, पण 'गाढवा'तला 'ढ' मी ओळखला. माझ्या माहेरी सगळे 'ढ' असाच म्हणतात.

मी हॉर्न वाजवला नाही तो मौन मोडू नये म्हणून. आणि वरून हे. अकरा वर्षं, रोज एक तास, आणि ती एका दातांच्या डॉक्टरावर गेली. तीन आठवडे मी रोज सकाळी शांतपणे बसत होते, मनात म्हणत होते की बाकी काही असो, नेम तरी राहिला. अर्जात लिहूनही दिलं होतं, एक शब्दही बोलले नाही म्हणून. खाली माझी सही.

"हा आवाज कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"माझा," सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "आई, तुझा आवाज असा कुठे–"

"तू गप्प रहा. गाडीत होतास का तू? माझा आहे. गुडघा दुखला की मी ओरडते. वय झालंय माझं, मला बोलायला काय जातंय." काठीवर दोन्ही हात ठेवून त्या समोर बघत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. तेव्हा मला कळलं, सासूबाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तीन आठवडे टॅक्सीत माझ्या शेजारी बसून एक चकार शब्द काढला नव्हता त्यांनी. एरवी भाजीत मीठ कमी असलं तर संध्याकाळपर्यंत ऐकवणारी बाई.

साहेब लिहू लागले : 'मागील आसनावरील वृद्ध प्रवासी महिलेने...'

मी त्या अक्षरांकडे बघत होते. गप्प बसले असते तर माझा अर्ज खरा ठरला असता आणि अकरा वर्षंही शाबूत राहिली असती, निदान कागदावर. बोलले तर अर्ज खोटा. मग क्लेम कसला आणि किल्ली कसली. पण सासूबाई खोटं बोलल्या होत्या माझ्यासाठी आणि ते माझ्यासमोर निळ्या शाईत उमटत होतं.

"साहेब, ते खोडा," मी म्हटलं. "आवाज माझा आहे. अर्जात चूक लिहिलंय मी. मला खरंच आठवत नव्हतं."

"मूर्ख आहेस," सासूबाई हळूच म्हणाल्या.

ह्यांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी पेन थांबवलं. "चालकाचा आवाज? नक्की?"

"नक्की."

"म्हणजे धडकेच्या आधी एक सेकंद." त्यांनी अर्ज उलटला, मागची बाजू वाचली आणि पहिल्यांदाच थोडे ताजेतवाने दिसले. "मग तुम्ही हे आधी का नाही सांगितलं, बाई? रकाना सहा : चालकाने इशारा दिला होता काय. हॉर्ननेच द्यावा असं यात कुठेही म्हटलेलं नाही. प्रवाशानं दिलेला आम्ही धरत नाही. चालकाचा धरतो." ते डॉक्टरांकडे वळले. "तुम्हाला ऐकू आला होता का इशारा?"

डॉक्टर इतका वेळ खाली बघून बसले होते. सभ्य माणूस, मी म्हटलंच आहे. "ऐकू आला होता," ते म्हणाले. "पण मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणताहेत."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं : 'इशारा ऐकू आला, तथापि आपणांस उद्देशून आहे असे वाटले नाही.' मग माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "तुम्ही नेमका काय इशारा दिला ते स्वहस्ते लिहा. शब्दशः. अवतरणचिन्हांत."

माझं अक्षर चांगलं आहे. रोज दोन पानं लिहिणाऱ्या बाईचं असतं. त्याच अक्षरात, त्याच पेनानं मी 'अरे गाढवा' लिहिलं, समोर ज्यांना म्हटलं ते बसलेले असताना. लिहून झाल्यावर त्यांच्यापुढे हात जोडले. तेही म्हणाले, "नाही नाही, बरोबरच आहे," आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली.

आम्ही टॅक्सीनं घरी आलो. उतरताना सासूबाई म्हणाल्या, "अकरा वर्षं ती अकरा वर्षंच. एक मिनिट वजा कर आणि पुढे चालू ठेव. देव काय कारकून आहे?" मी तरी मनाशी पहिला दिवस धरून पुन्हा सुरुवात केली. ह्यांच्या भिंतीविषयी मी अजून काही विचारलेलं नाही. त्यांचाही तो नेमच असेल. फक्त संध्याकाळी आता मी ह्यांच्या चहाचं दूध अर्धा तास उशिरा तापवते.

सोळाव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. 'चालक महिलेने योग्य तो तोंडी इशारा दिला होता. तिचा दोष आढळत नाही.' ह्यांनी ते दोनदा वाचलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला मी स्वयंपाकघरात होते. हे एका गालाला साबण लावलेले तसेच आत आले, खणातली किल्ली आणली होती, ती माझ्या वहीवर ठेवली. मला भरून आलं. बोलता येत नव्हतं, म्हणून मी मान हलवली. आभार मानायचे होते मला, एवढंच.

"हलवलीस ना मान?" ते म्हणाले. "बरं झालं बाई. मी विचारायलाच घाबरत होतो. मावशीला आणि तिच्या जावेला कळवून टाकतो, रविवारी गावाहून तू आणायला येतेस म्हणून. तीन तासांचा तर रस्ता." आणि दुसरा गाल करायला निघून गेले.

आठ वाजायला पंचेचाळीस मिनिटं होती. आणि आमच्या स्वयंपाकघरात कॅमेरा नाही.